ग्रेडेड मॉड्यूल (डिग्रीनुसार तुकड्यांत विभागलेला) नुसता, म्हणजे डिग्री न पाहता, प्रोजेक्टिव्ह (फ्री मॉड्यूलचा डायरेक्ट समँड) असेल तर तो ग्रेडेड प्रोजेक्टिव्हही, म्हणजे डिग्री पाळूनही तसाच, असतो का? आणि फ्रीचं, म्हणजे बेसिस असलेल्याचं, काय?

असतो. फायनाइटली जनरेटेड असायचीसुद्धा गरज नाही. याच मुद्द्यावरून एमएस्सीच्या सेमिनारला माझं सरांशी वाजलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी फळ्यावर ग्रेडेड फ्री एफ घेतला (ज्याला होमोजिनियस, म्हणजे प्रत्येकी एकाच डिग्रीच्या एलिमेंट्सची बेसिस आहे), त्यावरून आपल्या मॉड्यूलवर, पी वर, ग्रेडेड सरजेक्शन, पी प्रोजेक्टिव्ह म्हणून एच हा सेक्शन मिळाला, म्हणजे पी कडून एफ कडे जाणारा असा मॅप की त्यावर सरजेक्शन लावलं की मूळ एलिमेंटच परत येतो. आता एच डिग्री पाळेलच असं नाही, म्हणून मी म्हटलं की पी मधल्या डिग्री एनच्या एलिमेंटला एच लावा, जे येईल त्यातला फक्त डिग्री एनचा तुकडा ठेवा, बाकीचे सोडून द्या. सर म्हणाले, "मॅप असा कापता येत नाही, लिनिअर कशावरून राहील?" आणि मला खाली बसवलं, वर्गासमोर.

अहो, राहतो ना! रिंगमधला डिग्री एमचा स्केलर घ्या. त्याने गुणलं की प्रत्येक तुकडा बरोबर एमने वर सरकतो, दोन तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे आधी कापून गुणा नाहीतर गुणून कापा, उत्तर तेच. सरजेक्शन डिग्री पाळतं, म्हणून कापलेला मॅपही सेक्शनच राहतो, आणि पी ग्रेडेड प्रोजेक्टिव्ह ठरतो. बसवलं नसतं तर उदाहरणही दाखवणार होतो: एका व्हेरिएबलची, एक्सची पॉलिनोमियल रिंग, तीच पी. एफ ची बेसिस ई-एक डिग्री 0 ला, ई-दोन डिग्री 1 ला, ई-एक जातो 1 वर आणि ई-दोन जातो एक्स वर. सेक्शन मुद्दाम वाकडा घ्या, 1 ला पाठवा (1 वजा एक्स) गुणिले ई-एक अधिक ई-दोन वर. डिग्री 0 चा तुकडा नुसता ई-एक, आणि तो परत 1 वरच जातो. डिग्री 1 चा तुकडा 0 वर जातो, म्हणून तो टाकल्याने काहीच बिघडत नाही.

दोन ओळींची गोष्ट आहे, पण "उघड आहे" म्हणून सोडू नका, पूर्ण लिहा, आणि कोणी अडवलं तर खाली बसू नका, लिनिअॅरिटी तिथेच करून दाखवा. मी बसलो ते चुकलंच.

हां, फ्रीचं राहिलं. तिथे हे चालत नाही. फील्डच्या दोन प्रती गुणून केलेली रिंग घ्या, सगळी डिग्री 0 मध्ये, आणि मॉड्यूल म्हणून तीच, फक्त दुसरी प्रत डिग्री 1 ला. नुसता फ्री आहे, पण होमोजिनियस बेसिस नाही. इंजेक्टिव्हलाही (प्रोजेक्टिव्हची उलट बाजू) हे लावू नका, तिथे उलट दिशाही फसते: फील्डवरची एक्स आणि एक्स इन्व्हर्सची लॉरां रिंग स्वतःवर ग्रेडेड इंजेक्टिव्ह आहे पण नुसती इंजेक्टिव्ह नाही, 1 अधिक एक्स ने भाग जात नाही.