कहाणीतून वगळलेली माणसं

मागच्या लेखात श्रीलंकेतल्या युद्धाबद्दल आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या वाघांच्या, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेच्या, प्रचाराबद्दल लिहिलं होतं. त्यावर ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईहून आलेले चार प्रश्न आज घेतो.

मी नौपाड्यातल्या शाळेत इतिहास शिकवते. बंडखोरांचा प्रचार म्हणजे निव्वळ खोटं, असं मुलांना सांगितलं तर चालेल का?

कृपया तसं सांगू नका. नुसत्या खोट्यावर माणसं वर्षानुवर्षं मरायला तयार होत नाहीत. १९८१ मध्ये उत्तर श्रीलंकेतल्या तमिळबहुल जाफना शहराचं ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं हुडकून जाळली, माणसं मारली. हे सगळं खरंच घडलं होतं. वाघांना त्यात पदरचं काही घालावं लागलं नाही.

त्यांनी त्या दुःखाचा विधी केला. त्यांचा पहिला लढवय्या २७ नोव्हेंबर १९८२ रोजी गेला. १९८९ पासून तोच दिवस 'मावीरर नाळ', म्हणजे वीरांचा दिवस, झाला. वाघांचा प्रमुख प्रभाकरन याचं भाषण व्हायचं, घंटा वाजायची आणि प्रत्येक थडग्यापाशी घरची माणसं दिवा लावायची. बहुतेक लढवय्ये हिंदू घरांतले, तरी देह जाळायचे नाहीत, पुरायचे आणि त्यांना बीज म्हणायचं, अशी संघटनेची रीत. जिचा मुलगा तिथे पुरलाय, ती आई 'आता हे थांबवा' असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मला या प्रचाराची सगळ्यात जास्त भीती वाटते ती इथे.

आणि याच कहाणीत ऑक्टोबर १९९० कुठेच नाही. त्या महिन्यात वाघांनी श्रीलंकेच्या उत्तर प्रांतातून मुसलमानांना हाकलून दिलं. तेही तमिळच बोलणारे, सुमारे ७० हजार. जाफना शहरात तर निघायला दोन तास दिले होते. ग्रंथालयाची आग आणि ही हकालपट्टी एकाच तासाला शिकवा. काय सांगितलं गेलं आणि काय गाळलं गेलं, हे मुलं स्वतःच ओळखतील.

मूठभर माणसांचा गट एवढा मोठा कसा भासतो? (एक वाचक, ऐरोली)

फेब्रुवारी १९५७ मधली क्यूबाची गोष्ट पाहा. फिडेल कास्त्रो मारला गेला, असं सांगितलं जात होतं. न्यूयॉर्क टाइम्सचे हर्बर्ट मॅथ्यूज सिएरा माएस्त्राच्या डोंगरात जाऊन त्याला भेटले. त्याच्याजवळ तेव्हा जेमतेम वीसेक माणसं होती, पण तीच ये-जा करत राहिली आणि दुसऱ्या तुकडीकडून निरोप आल्याचा बहाणाही झाला. मुलाखत छापून आल्यावर सरकारच्या मंत्र्यानं ती बनावट ठरवली. वर्तमानपत्रानं मग दोघांचा एकत्र फोटो छापला! कास्त्रोला मोठं करायला सरकारच्या खोटेपणानं केवढा हातभार लावला, हे विसरू नका.

मे २०१४ मध्ये आमच्या कल्याणची चार मुलं इराकला गेली होती. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, दिवसभर मोबाइलवर असतो. मी काय बघू?

ताई, तुमची काळजी रास्त आहे. ती चौघं यात्रेकरूंबरोबर गेली आणि तिथून आयसिसकडे वळली. फक्त एकच त्या नोव्हेंबरात परतला. आयसिसच्या प्रचारात क्रौर्याच्या चित्रफिती होत्या, तशी भरलेल्या बाजारांची, दवाखान्यांची, हसणाऱ्या सोबत्यांची चित्रंही होती. तू इथे कुणीतरी होशील, असं त्यातून सांगितलं जाई. मुलं अशा आश्वासनानं ओढली जातात, आणि हे कुठल्याही धर्माच्या वा विचाराच्या टोळीला लागू आहे.

फोन हिसकावू नका. कुणी त्याला सगळ्यांसमोरच्या गप्पांतून खासगी गटात नेतंय का, घरच्यांपासून लपवायला सांगतंय का, जुने मित्र अचानक तुटलेत का, हे बघा. आणि त्याच्याशी वाद घालायची वेळ आलीच तर दाबिकचं सांगा. सीरियातल्या या गावात अंतिम लढाई होणार, अशी भविष्यवाणी सांगून आयसिसनं २०१४ मध्ये त्याच नावाचं मासिक काढलं. सप्टेंबर २०१६ मध्ये नवं मासिक दुसऱ्याच नावानं आलं आणि पुढच्याच महिन्यात दाबिक त्यांच्या हातून गेलं.

१९४२ मध्ये आपणही गुप्त रेडिओ चालवला. मग फरक काय? (विद्यार्थी, वाशी)

प्रश्न टाळण्यासारखा नाही. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबर १९४२ ला त्या पकडल्या गेल्या. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी असताना विदर्भातल्या चिमूर-आष्टीच्या उठावाच्या आणि तिथल्या दडपशाहीच्या बातम्या या रेडिओनं दिल्या. लपून बोलणं, सरकारी बातमीला आव्हान देणं, लोकांचं मन धरून ठेवणं, हे तंत्र दोन्हीकडे सारखंच आहे.

मी दोन गोष्टी तपासतो: निःशस्त्र माणसांना कसं वागवलं, आणि आपल्यातल्याच प्रश्न विचारणाऱ्याचं काय केलं. डॉ. राजनी तिरणगमा जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. एकेकाळी त्यांनी वाघांना साथ दिली होती. पुढे श्रीलंकेचं सैन्य, भारतीय शांतिसेना आणि वाघ, तिघांच्याही अत्याचारांच्या नोंदी त्या सहकाऱ्यांबरोबर करू लागल्या. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. हे वाघांचंच काम, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं आहे. तंत्र कितीही सारखं असो, अशा संघटनेला मी काँग्रेस रेडिओच्या पंक्तीत बसवणार नाही.