वाचकांचे प्रश्न : कंपनीची नोंदणी, पाटी आणि प्रमाणपत्र

प्रश्न : आम्ही दोघे चुलत भाऊ उद्यमबागेत गेली अकरा वर्षे भागीदारीत मशिनिंगचे काम करतो. मोठे कारखाने आता ऑर्डर देताना ‘कंपनी आहे का’ असे विचारतात, म्हणून प्रायव्हेट लिमिटेड करावयाचे ठरवले आहे. त्यासाठी बेंगळुरूला किती हेलपाटे घालावे लागतील? ज्या जागेचा पत्ता द्यायचा, तिचे वीजबिल अजून कैलासवासी आजोबांच्या नावे आहे. ते चालेल का? आणि शेडवर पाटी मराठीत लावता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : हेलपाटा एकही घालावा लागणार नाही. कर्नाटकात नोंदलेल्या कंपन्या बेंगळुरूच्या कंपनी निबंधकांच्या, म्हणजे आपण ज्याला ‘आरओसी’ म्हणतो त्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात हे खरे. परंतु नाव मंजूर करणे आणि कंपनी स्थापन करणे ही दोन्ही कामे हरयाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्राकडे असून ती सर्व संगणकावरच होतात. ‘स्पाइस प्लस’ या अर्जाच्या पहिल्या भागात दोन नावे सुचवता येतात आणि मंजूर झालेले नाव वीस दिवस तुमच्यासाठी राखून ठेवले जाते. आधीच नोंदलेल्या एखाद्या नावाला केवळ ‘बेळगाव’ जोडले म्हणजे ते वेगळे ठरत नाही. गावाचे नाव तुलनेत धरलेच जात नाही. दोन सभासद व दोन संचालक पुरतात आणि ते तुम्ही दोघेच असू शकता. किमान भांडवलाची अट २०१५ च्या दुरुस्तीने गेली आहे. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढता येतात ती मर्यादा, १५ लाख रुपयांपर्यंत असेल तर स्थापनेच्या अर्जाला केंद्राचे शुल्क लागत नाही, मात्र राज्याची मुद्रांक फी वेगळी भरावी लागते. तुमची भागीदारी संस्था राज्य सरकारच्या संस्था निबंधकांकडे नोंदलेली असली तरी तेवढ्याने ती कंपनी होत नाही. ती चालू संस्थाच कंपनीत रूपांतरित करायची असेल तर ‘यूआरसी-१’ हा जादा अर्ज करावा लागतो, आणि अकरा वर्षांची यंत्रे व येणी-देणी असताना हा मार्ग सीएशी बोलून आधीच ठरवलेला बरा.

वीजबिलाचा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले बिल आणि जागेच्या मालकाचे संमतिपत्र लागते. हेस्कॉमचे बिल आजोबांच्या नावे आहे आणि संमती द्यायला आजोबा नाहीत, अशा स्थितीत नातवाने सही करून भागत नाही. संमती आज ज्यांच्याकडे मालकी आहे त्यांची हवी. आपल्याकडे वाडवडिलांच्या घरांवर वारसा लावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ‘बघू’ म्हणून राहते आणि ते असे नको त्या वेळी आडवे येते. आधी वारसांची नोंद करून घ्यावी, मग सर्व वारसांच्या सह्यांचे संमतिपत्र करावे. तेवढा वेळ नसेल तर उद्यमबागेतील भाड्याच्या शेडचाच पत्ता द्यावा. तिथे भाडेकरार असतो आणि मालक हयात असतो.

आता पाटी. कंपनी कायदा २०१३ चे कलम १२ सांगते की कंपनीचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, जिथे जिथे तिचा व्यवसाय चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर, ठळक दिसेल असा लावला पाहिजे. आणि ती अक्षरे त्या परिसरात सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी एखाद्या भाषेची नसतील, तर तशा एका भाषेच्या लिपीतही नाव लिहिले पाहिजे. बेळगावात मराठी सर्रास वापरली जाते, हे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागू नये. तेव्हा केंद्राच्या या कायद्यापुरते देवनागरीतील नाव पुरेसे ठरावे, असे माझे मत आहे. परंतु पाटीवर कर्नाटक राज्याचाही कायदा लागू होतो. २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड असावे लागते आणि ते वरच्या भागात असावे लागते. दहा फूट लांब व तीन फूट रुंद पाटी असेल तर तीस चौरस फुटांपैकी वरचे अठरा कन्नडसाठी सोडावे. उरलेल्या बारांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट बसतात. एक काळजी मात्र घ्यावी. कायद्याने लिपी बदलायला सांगितले आहे, नावाचे भाषांतर करायला नव्हे. एका शेडवर रंगाऱ्याने ‘प्रायव्हेट लिमिटेड’चे ‘खाजगी मर्यादित’ करून दिलेले मी पाहिले आहे. प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच उच्चाराप्रमाणे लिहावे. नाव न लावल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला एक हजार, जास्तीत जास्त एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत एक एजंट दरमहा ठरावीक परतावा देणाऱ्या ठेवी गोळा करतो. त्याच्याजवळ सिंहमुद्रा असलेले, प्लास्टिकमध्ये बंद केलेले नोंदणी प्रमाणपत्र आहे आणि ‘ही केंद्र सरकारची मान्यता’ असे तो सांगतो. ते खरे मानावे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : प्रमाणपत्र खरे असू शकेल, त्याचा एजंटने सांगितलेला अर्थ खोटा आहे. नोंदणी म्हणजे कंपनीचा जन्मदाखला. मूल जन्मल्याची नोंद करणारा कारकून ते मोठेपणी कसे वागेल याची हमी देत नाही, तसेच निबंधकही कंपनीच्या धंद्याची हमी देत नाहीत. प्रायव्हेट कंपनीला सर्वसामान्य लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. वित्तीय कंपनीला रिझर्व्ह बँकेचे वेगळे नोंदणीपत्र लागते, आणि तेवढ्यानेही ठेवी घेण्याची मुभा आपोआप मिळत नाही. ‘निधी’ नावाच्या कंपन्या फक्त आपल्या सभासदांकडून ठेवी घेऊ शकतात. म्हणून काही एजंट ठेवीच्याच फॉर्मवर सभासदत्वाची सही घेतात, ती डोळे झाकून करू नये.

त्या प्रमाणपत्रावर २१ अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक असेल. तो वाचायला शिकावे. पहिले अक्षर ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, पुढचे पाच अंक व्यवसायाचे, मग राज्याची दोन अक्षरे (कर्नाटकासाठी ‘केए’, महाराष्ट्रासाठी ‘एमएच’), मग स्थापनेचे वर्ष, मग प्रकार (‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट) आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. ‘वीस वर्षांची जुनी कंपनी’ असे सांगणाऱ्याच्या क्रमांकात २०२३ हे वर्ष दिसले तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घातला की कंपनीची सद्यःस्थिती, शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली, ताळेबंद कोणत्या वर्षापर्यंत सादर झाला, हे फुकट पाहता येते. पैसे आधीच गुंतवले असतील तर निबंधकांच्या पत्राची वाट पाहत बसू नये. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा कर्नाटकाचा २००४ चा कायदा या दोन्हींच्या आधारे पोलिसांकडे तक्रार करता येते.

प्रश्न : काजूप्रक्रियेसाठी २०१९ मध्ये कंपनी काढली, पण धंदा सुरूच झाला नाही. कोणताही कागद भरलेला नाही. व्यवहारच नसेल तर काय भरायचे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : व्यवहार शून्य असला तरी विवरणपत्र शून्याचे भरावे लागते. ताळेबंद व वार्षिक विवरण या दोन अर्जांना उशिराबद्दल प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क लागते. म्हणजे एका वर्षाचे कागद वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. सलग तीन आर्थिक वर्षांचे कागद न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि ही अपात्रता त्याच्या दुसऱ्या चालू कंपनीलाही भोवते. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली, तेव्हा हे अनेकांना पहिल्यांदा कळले. शिवाय नोव्हेंबर २०१८ नंतरच्या कंपनीने १८० दिवसांत, भांडवल जमा झाल्याचे सांगणारा ‘आयएनसी-२०ए’ भरावा लागतो. तो तुम्ही भरलेला नसणार. देणी शून्यावर आणून, सीएकडून हिशेब करून घेऊन ‘एसटीके-२’ या अर्जाने कंपनी बंद करावी. त्याचे शुल्क १०,००० रुपये आहे. थांबलात तर जादा शुल्क रोज वाढत जाईल.

प्रश्न : कंपनी बेळगावची आहे. चंदगड तालुक्यात गोदाम घेतले, तर महाराष्ट्रात नवी कंपनी काढावी लागेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. एकदा नोंदलेली कंपनी देशात कोठेही धंदा करू शकते. फक्त महाराष्ट्रासाठी जीएसटी क्रमांक वेगळा घ्यावा आणि गोदामावरही कंपनीच्या नावाची पाटी लावावी. नोंदणीकृत कार्यालयच पलीकडे न्यायचे झाल्यास विशेष ठराव, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते, आणि मग कंपनीच्या क्रमांकातील ‘केए’चे ‘एमएच’ होते. निव्वळ गोदामासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही.