नांगरटीनंतर ओल उडाली? माझंही असंच झालं होतं

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं वर्ष आठवलं. पीक काढल्याबरोबर पलटी नांगर घातलात, तीन आठवड्यांनी पेरायला गेलात तर वर ढेकळं आणि खाली वीतभर कोरडं. पाऊस तर चांगला झाला होता, मग ओल गेली कुठे, असं विचारताय. उडाली. वाट तुम्हीच करून दिलीत, मीही दिली होती.

नांगर आणि वखर (माती न उलटवता वरवर खरवडणारं अवजार) यातला फरक सांगत बसत नाही. चूक सांगतो. त्या वेळी वीतभर खालची माती मुठीत दाबली की गोळा व्हायचा, बोटांना गारवा लागायचा. तशा ओलीत नांगर घातला. नांगराने पाडलेल्या चरीचा, म्हणजे तासाचा, तळ चकचकीत, थापीने सारवल्यासारखा दिसत होता. मला कौतुक वाटलं! तो फाळाने घासून घट्ट बसलेला थर होता. पुढच्या पिकाची मुळं तिथेच आडवी वळली. वर उलटलेल्या ढेकळांच्या फटींतून वारा खेळला आणि आठ-नऊ इंचांचा अख्खा थर सुकला. चौथ्या दिवशी ढेकूळ फोडलं, आत सुपारीएवढी ओल. १ हेक्टरवरचं १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. हिशोब तुम्हीच करा.

त्याआधी सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात गेलो होतो, नाव घेत नाही. पिशवीतली माती कुणी पाहिलीसुद्धा नाही. छापील कागद पुढे सरकवला: काढणीनंतर खोल नांगरट करावी. कोणत्या ओलीवर, पुढचं पीक लगेच आहे की जमीन पडीक राहणार, एक अक्षर नाही. ढेकळांची तक्रार घेऊन परत गेलो तर म्हणे रोटाव्हेटर मारा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र. मारला. पिठासारखा भुगा झाला, एक सर आली, पापडी धरली आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहून गेलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

खोल नांगरट वाईटच, असं माझं म्हणणं नाही. खाली जमीन घट्ट असेल, माती कोरडी असेल आणि पुढे पावसाचे महिने असतील तर पाणी मुरायला ती हवीच. पण दोन पिकांत महिना-दीड महिनाच असेल तर नांगराला हात लावू नका. वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वखराची उथळ पाळी, दोन इंच, बस्स. वरचा थर मोकळा झाला की खालून चढणारं पाणी तिथेच तुटतं. भारी, म्हणजे चिकण मातीच्या जमिनीत भेगा पडायच्या आत हे करा, भेगेच्या दोन्ही भिंती खोलवर वाळत जातात. हलक्या जमिनीत फायदा कमी दिसेल. तिथला वरचा थर आपोआप सुकून तेच काम करतो. धसकटं उभी राहू द्या, भुसकट असेल तर पसरा. तण मात्र ठेवू नका. सावली देतं म्हणणारे भेटतील, पण जिथे ऊन पोचत नाही तिथली ओल ते मुळांनी ओढतं.

या खेपेला पुन्हा नांगर, रोटाव्हेटर काही नको. पाऊस पडून किंवा पाणी देऊन ढेकळं मऊ झाली, वापसा आला की जड फळी फिरवा आणि बी ओलीला टेकेल इतकं खोल पेरा. आधी चार ठिकाणी खुरप्याने उकरून बघा. बांधाजवळ नको, तिथली ओल फसवी असते. शेताच्या मधोमध बघा.