“पाय हलतोय, मग चालतील ना?”

मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराला, इजा झालेल्या रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा पुन्हा चालण्याचाच असतो. अपघातानंतर काही आठवड्यांनी आलेल्या एका ताईंनी मोबाइलवर चित्रफीत दाखवली. पायांवरची चादर ओढताच त्यांच्या यजमानांचा डावा पाय गुडघ्यात वाकून थरथरत होता. “पाय हलतोय, मग चालतील ना? डॉक्टर नाही का म्हणतात?” एवढ्या आधारावर त्या ‘खात्रीशीर’ म्हणवणाऱ्या एका उपचारासाठी सगळी शिल्लक खर्च करायला निघाल्या होत्या.

मी त्यांना समजावून सांगितले, की इजेच्या खालचा मज्जारज्जू अनेकदा शाबूत असतो आणि मेंदूशी संपर्क तुटला तरी स्पर्श होताच तो स्नायूंना आपणहून आखडायला लावतो. चादरीला हात न लावता, यजमानांनी ठरवून पाय हलवला, तर ती बाब निराळी. खराब झालेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा उपचार आजवर सिद्ध झालेला नाही, हेही मी आडवळण न घेता बोलले. आशा मोडेल या भीतीने ही गोष्ट दडवणे मला क्रूरपणाचे वाटते.

त्यांच्या कागदांवर ‘डी १०, ए’ असे लिहिले होते आणि त्याचा अर्थ त्यांना कोणीही सांगितला नव्हता. ‘डी १०’ म्हणजे छातीच्या भागातील दहावी पातळी : हात पूर्ण कामाचे, साधारण बेंबीखाली संवेदना नाही. ‘ए’ ही इजेच्या तीव्रतेची श्रेणी : गुदद्वाराजवळही संवेदना वा हालचाल उरलेली नाही, म्हणजेच इजा पूर्ण स्वरूपाची. ‘बी’पासून पुढे ती अपूर्ण मानतात आणि तेथे सुधारणेची शक्यता अधिक असते. सुरुवातीच्या दिवसांत मज्जारज्जू बधिर झालेला असतो, म्हणून ही तपासणी पुन्हा करून घ्यावी. पातळीवर पुढची काळजीही ठरते : इजा छातीच्या भागातील सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल, तर तुंबलेल्या लघवीनेसुद्धा रक्तदाब एकाएकी धोकादायकरीत्या चढू शकतो.

दरम्यान यजमानांच्या माकडहाडावर लालसर डाग उमटला होता. दाबल्यावरही न फिकटणारा असा डाग ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, म्हणून त्याच दिवशी परिचारिकेला दाखवून त्या जागेवरचा भार काढायला मी सांगितले.

नंतर मी यजमानांची भेट अनेक वर्षे व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांशी घडवली. खुर्चीत बसल्या बसल्या अंग उचलून दाब कसा कमी करायचा, हे त्यांनी करून दाखवले. तोवर भिंतीकडे पाहणाऱ्या यजमानांनी विचारले, “प्रवासात कॅथेटरचं कसं करता?” असा प्रश्न माणूस डॉक्टरांना किंवा पत्नीला सहसा विचारत नाही. अशा भेटीची मागणी कुटुंबाने पुनर्वसन विभागाकडे रुग्णालयात असतानाच करावी आणि रुग्णाला त्या व्यक्तीशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे.