सोफा-कार्पेटचं मशीन घेताना वॅट बघू नकोस, सक्शन बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू आणि तुझे मेहुणे मिळून कोल्हापुरात सोफा-कार्पेट क्लीनिंगचं काम सुरू करताय आणि सगळं धरून 80 हजार बाजूला काढलेत. आता दोन मशीनपाशी येऊन अडकलाय. एक तीन मोटारींचं, 3000 वॅटचं, भल्यामोठ्या टाकीचं आणि स्वस्त. दुसरं कार्चरचं पझी 10/1, एका मोटारीचं, एवढंसं आणि महाग. "लहान मशीनला जास्त पैसे का द्यायचे?" हा तुझा मुद्दा. मी 11 वर्षं हेच काम करतोय, आणि सुरुवातीला याच हिशेबानं मशीन घेतलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन पाणी किती जोरात मारतं, यावर तुझा धंदा चालणार नाही. मारलेलं पाणी किती परत ओढून घेतं, यावर चालेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चार महिने हवाच ओली असते. त्या दिवसांत सोफ्यात राहिलेलं पाणी आपोआप वाळत नाही.

तीन मोटारींचं गणित शेतातल्या पंपावरून बघ. 20 फूट हेडचे, म्हणजे पाणी 20 फूट उंच चढवणारे, तीन पंप शेजारीशेजारी लावले तर पाणी तिप्पट येईल, पण ते 60 फूट चढणार नाही. चढवायचं असेल तर एकापुढे एक स्टेज जोडावे लागतात. व्हॅक्यूम मोटारीचंही तसंच. शेजारीशेजारी लावलेल्या तीन मोटारींनी हवा भरपूर खेचली जाते, म्हणून कोरडी धूळ, गाडीतली माती किंवा फरशीवर साचलेलं पाणी पटापट निघतं. पण फोममध्ये मुरलेलं पाणी वर खेचायला हेडच लागतो. त्याचा आकडा माहितीपत्रकात मिलिबारमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. 1 मिलिबार म्हणजे साधारण 10 मिलिमीटर. 200 मिलिबारच्या खालचं मशीन ओल्या कामाला घेऊ नकोस. आणि दुकानदाराला हा आकडा विचारल्यावर तो पुन्हा वॅटच सांगायला लागला, तर तिथून उठ.

दुसरं, मोटार 'बायपास' आहे का ते विचार. साध्या व्हॅक्यूमची मोटार खेचलेल्या हवेवरच थंड होते. ओल्या कामाच्या मोटारीला थंड हवेची वाट वेगळी असते, त्यामुळे दमट हवा वाइंडिंगपर्यंत जात नाही.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. पहिल्याच वर्षी, जुलै महिना, नागाळा पार्कातलं घर, तीन सीटचा कापडी सोफा. माझ्या मशीनचं पाणी मारायचं प्रेशर 150 पीएसआय (दाबाचं माप) होतं आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. मळ निघताना दिसत होता, घरातल्या काकू खूश होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, "दादा, हॉलमध्ये कुबट वास भरलाय." जाऊन कुशनची चेन उघडली आणि फोम दोन्ही हातांनी दाबला. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला. वरचं कापड कोरडं, आणि आत तीन दिवसांचं पाणी तसंच. कुशनं घरी आणून पंख्याखाली चार दिवस वाळवली. वास गेला, पण शिवणीच्या कडेनं तपकिरी डाग राहिला. पैसे परत केले. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण पुन्हा बोलावलंही नाही. ओल 24 ते 48 तासांत निघाली नाही की बुरशी धरते, हे मी तेव्हा शिकलो. सोफ्याला 50-60 पीएसआय खूप झालं. पझी 10/1 तर 1 बारवर, म्हणजे साडेचौदा पीएसआयवर चालतं आणि तरी काम देतं. त्याच्या नावातला 10 म्हणजे 10 लिटरची टाकी आणि 1 म्हणजे मिनिटाला 1 लिटर फवारा. तेवढं कमी पाणी मारल्यामुळेच ते ओढूनही घेता येतं.

म्हणून ट्रायलशिवाय पैसे देऊ नकोस. घरातलं जुनं कुशन घेऊन जा. टाकीत मोजून 5 लिटर पाणी घाल, सगळं त्या कुशनवर मारून ओढायला लाव, मग घाण पाण्याची टाकी बादलीत ओतून मोज. माझ्या हिशेबानं 4 लिटरच्या आसपास परत आलं पाहिजे. तीनच आलं तर उरलेलं दोन लिटर गिऱ्हाइकाच्या सोफ्यात राहणार. नंतर कोरडा पांढरा पंचा घडी करून कुशनवर ठेव आणि गुडघा टेकून दाब. पंचा दमट झाला तर चालेल, पिळण्याइतका भिजला तर मशीन नको. आणखी एक, सोफ्याचा हँड-टूल पारदर्शक तोंडाचाच घे. पाणी गढूळ येतंय की स्वच्छ, हे डोळ्यांनी दिसलं तरच कुठं थांबायचं ते कळतं.

हीटर असलेल्या मशीनचा मोह तुला होईल. गरम पाण्यानं तेलकट मळ लवकर सुटतो, हे खरंच. पण 16 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 3680 वॅट मिळतात. 1200 वॅटच्या दोन मोटारी आणि 1800 वॅटचा हीटर एकदम लावलास तर त्याच्या वर जातं आणि एमसीबी पडू शकतो, आणि पेठांतल्या जुन्या घरांत 16 अँपिअरचं सॉकेट मिळालं तरी नशीब. आपल्याकडं गच्चीवर सोलर असलेली घरं पुष्कळ. पंपाला किती तापमान चालतं ते पुस्तिकेत बघून तेच गरम पाणी बादलीनं घे. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र 2.5 स्क्वेअर एमएम वायरचा स्वतःचा ठेव. आणि वजन विसरू नकोस. पाणी लिटरला किलो. 60 लिटरची भरलेली टाकी राजारामपुरीत लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तू आणि मेहुणे किती दिवस चढवाल?

तू मंगल कार्यालयांची आणि डेकोरेशनवाल्यांच्या राजा-राणी सोफ्यांची कामं धरायची म्हणतोस. चांगलं काम आहे, लग्नसराईत हाताला उसंत मिळत नाही. पण तिथं मशीनपेक्षा केमिकल जास्त सांभाळावं लागतं. हळदीच्या डागावर नेहमीचं अल्कलीवालं (खारट) प्रीस्प्रे, म्हणजे धुण्याआधी मारायचं केमिकल, मारलंस तर डाग डोळ्यांदेखत पिवळ्याचा लालभडक होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. हळदीचं कुंकू करताना आपल्या आज्या हेच करायच्या, हळदीला चुन्यासारखा खार लावायच्या. लाल झालंच तर घाबरू नकोस. लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी मारलं की पुन्हा पिवळं होतं, मग पाण्यानं काढायचं. राहिलेला पिवळेपणा ऊन दाखवलं की फिका होत जातो. तांबड्या रश्श्याचं उलट. तो कट म्हणजे तेल, तिथं अल्कलीच लागते, आणि आधी टिश्यूनं टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. लोकरीच्या गालिच्याला मात्र अल्कली अजिबात नको, न्यूट्रल शाम्पूच. रंग सुटतो का हे मागच्या कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून आधी बघायचं, हे प्रत्येक कामाला, कितीही घाई असली तरी.

कार्पेटचं थोडक्यात. सभागृहं, ऑफिसं मोठी असतील तर हातानं घासणं परवडत नाही, रोटरी स्क्रबर लागतो, पण तो पहिल्या वर्षी भाड्यानं आण. ओलं करण्याआधी कोरडं व्हॅक्यूम नीट कर. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्यांच्या आसपास काळी राख पडते. ती आधी खेचून न घेता पाणी मारलंस तर तिचा चिखल तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो.

स्पेअर पार्ट विकत घेण्याआधी हातात धरून बघ. कार्बन ब्रश, पंपाचा डायफ्राम, नोझल, ओ-रिंग, एवढं दुकानदाराकडं आत्ता, तयार, शेल्फवर आहे का? नोझल आणि कपलिंगसारखं पितळेचं काही असेल तर आपल्या उद्यमनगरात लेथवर एका दिवसात करून मिळतं. डायफ्राम मिळत नाही. मी एकदा डायफ्रामसाठी ऐन मे महिन्यात 12 दिवस बसून होतो. बोअरचं पाणी वापरलंस तर नोझलमध्ये क्षार धरतात, फवारा तिरका जायला लागतो. आठवड्याला लिंबूसत्त्वाचं पाणी फिरव आणि मागून साधं पाणी. आणि शाम्पू जास्त घालू नकोस. टाकीत फेस चढला की फ्लोट (टाकी भरल्यावर पाणी मोटारीत जाऊ न देणारा तरंगता गोळा) त्याला अडवत नाही, फेस सरळ मोटारीत जातो. डिफोमरची, म्हणजे फेस मारणाऱ्या केमिकलची, बाटली कायम गाडीत ठेव.

80 हजारांची विभागणी मी तुझ्या जागी असतो तर अशी केली असती: मशीनला 55च्या आत, उरलेल्यात दोन एअर ब्लोअर, एक साधं कोरडं व्हॅक्यूम, केमिकलं आणि 10 हजार हातात. ब्लोअरला कुणी महत्त्व देत नाही. पण पावसाळ्यात काम झाल्यावर कुशन उभी करून दोन तास ब्लोअर लावला, तर गिऱ्हाईक संध्याकाळी सोफ्यावर बसू शकतं.

दोन्ही मशीनची माहितीपत्रकं इथं टाक, मिलिबारचे आकडे मी बघून सांगतो. ट्रायलला सकाळी जा, म्हणजे कुशन घरी आणून रात्री पुन्हा एकदा पंचा दाबून बघता येईल.