चांगला सिलिंडर कुणाला?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : काका, मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) टीमची कॅप्टन आहे. आमची गाडी एक आणि ड्रायव्हर दोन : शेवटच्या वर्षाची एक मुलगी आणि दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. दोघांना अगदी सारखी वागणूक द्यायची, असं पहिल्याच मीटिंगला ठरलं होतं. आता दोघांनाही वाटतंय की आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहोत. रविवारी संध्याकाळी बाबांबरोबर फॉर्म्युला वन बघते, तेव्हा बाबा म्हणतात, "मॅक्लारेन म्हणते आमचे दोघं समान, पण असं कुठेच नसतं." खरंच कुठल्या टीममध्ये दोन्ही ड्रायव्हरना समान वागणूक मिळते का? की ते नुसतं बोलायचं असतं?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आधी माझी गोष्ट सांगतो. ती लपवून तुला उत्तर देणं बरोबर होणार नाही.

नव्वदच्या आसपास मी नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये हेडमिस्त्री होतो. मालकांना रेसिंगचं वेड. डर्ट ट्रॅकसाठी आम्ही दोन आरएक्स-१०० तयार केल्या होत्या. रायडर दोन, एक पुण्यातलाच आणि दुसरा कोल्हापूरचा. मालकांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, "दोन्ही गाड्या सारख्या. ज्याच्या अंगात दम, तो पुढे." मीही मनापासून तसंच ठरवलं होतं.

आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०, मिळून ९८ सीसी. एवढ्याशा इंजिनातून आणखी ताकद काढायची तर सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-धूर आतबाहेर जायच्या वाटा, कानशीने घासून वाढवायचे. मी पत्र्याचा एक साचा कापला आणि दोन्ही सिलिंडर त्याच साच्याने घासले. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी टू-स्ट्रोकचा स्वभाव बदलतो, म्हणून रात्रभर ट्यूबलाइटखाली व्हर्नियर घेऊन बसलो होतो. तरीही पहाटे स्टॉपवॉच लावून गाड्या पळवल्या, तेव्हा एक सिलिंडर वरच्या आरपीएमला मोकळा ओढत होता आणि दुसरा जरा कोंडल्यासारखा वाटत होता. फरक थोडासाच, पण सरळ पट्ट्यावर गाडीभर अंतर पडेल इतका.

तो चांगला सिलिंडर मी पुण्याच्या मुलाच्या गाडीला बसवला.

त्या वेळी कुणी विचारलं असतं तर "हाताला आला तो बसवला" असं म्हणालो असतो. खरं कारण मला पुढे कळलं. पुण्याचा मुलगा रोज संध्याकाळी गॅरेजला यायचा, माझ्या शेजारी बसून रॉकेलमध्ये पार्ट धुवायचा, चहा आणायचा. "खाली मरतेय" (म्हणजे कमी आरपीएमला ताकद पडते) असं तो म्हणाला की कार्ब्युरेटरच्या नीडलची क्लिप कुठल्या खाचेत सरकवायची ते मला लगेच कळायचं. कोल्हापूरचा मुलगा शनिवारी रात्री एसटीने स्वारगेटला उतरायचा आणि सकाळी थेट गाडीवर बसायचा. तो गाडीबद्दल काय सांगतोय हे समजून घ्यायला मी वेळच दिला नव्हता.

रेस झाल्यावर हातमोजे काढता काढता त्याने विचारलं, "दादा, दोन्ही सिलिंडर सारखंच हुतं न्हवं?" मी म्हणालो, "एकाच साच्याचे आहेत." ते खरं होतं, पण त्याने विचारलं होतं ते हे नव्हे. त्यालाही ते कळलं. सीझन संपल्यावर तो परत आला नाही. तीसपेक्षा जास्त वर्षं झाली, त्याचा तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ज्या वस्तू दोन असतात त्या सारख्या देता येतात, आणि चांगल्या टीम त्या देतातही. इंजिन, टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांत मुद्दाम डावंउजवं करण्यात टीमचाच तोटा असतो, कारण दोन्ही गाड्यांचे गुण टीमच्याच खात्यात जातात. अडचण येते ती वस्तू एकच असते तेव्हा.

२०१० ची सिल्व्हरस्टोनची रेस बघ. रेड बुल टीमने गाडीच्या नाकावर बसणारे, नव्या घडणीचे पुढचे पंख आणले होते, दोन गाड्यांना दोनच. शनिवारच्या सरावात सेबास्टियन व्हेटेलचा पंख निखळून मोडला. उरला एक, आणि तो मार्क वेबरच्या गाडीवर होता. टीमने तो वेबरच्या गाडीवरून काढला आणि व्हेटेलला दिला. दुसऱ्या दिवशी व्हेटेलचा टायर पहिल्याच फेरीत गेला आणि जुन्या पंखावर वेबरने रेस जिंकली. जिंकल्यावर रेडिओवर तो म्हणाला, दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरच्या मानाने वाईट नाही. जिंकलेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य येतं, तेव्हा तो पंख त्याला किती लागला असेल ते कळतं. पंखाने वेळेत फरक किती पडला असता हा मुद्दाच नाही. वस्तू एक उरल्यावर हात कुणाकडे वळला, हे वेबरने बघितलं होतं.

काही गोष्टी तर कायमच एक असतात. फॉर्म्युला वनमध्ये एका टीमच्या दोन गाड्यांना मिळून पिटमध्ये, म्हणजे रेसच्या मधे टायर बदलतात तिथे, थांबायची जागा एकच. दोघं एकत्र आत आले तर मागच्याला पुढच्याचे टायर बदलून होईपर्यंत ताटकळावं लागतं. वेगवेगळे आले तर जो आधी येतो त्याला नवे टायर आधी मिळतात, आणि नव्या टायरवरच्या एकदोन फेऱ्यांत तो पुढच्याला गाठूही शकतो. म्हणून बऱ्याच टीममध्ये रिवाज असतो की जो पुढे, त्याला पहिला हक्क. हा रिवाज समान नाही, पण तो रेसच्या आधी दोघांना माहीत असतो. मला तो आवडतो.

मॅक्लारेनचं काय, असं तुझे बाबा विचारतील. २०२४ ची हंगेरीची रेस मला त्यांच्या बाजूने बोलायला लावते. मॅक्लारेनच्या दोघांपैकी ऑस्कर पियास्त्री पुढे होता, लँडो नॉरिस मागे. मागून येणाऱ्या मर्सिडीजच्या हॅमिल्टनपासून नॉरिसला वाचवायचं म्हणून टीमने दुसऱ्या थांब्याला नॉरिसला आधी बोलावलं आणि त्यामुळे तो पियास्त्रीच्या पुढे निघाला. मग रेडिओवर त्याला जागा परत द्यायला सांगत राहिले. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या तेव्हा त्याने ती दिली आणि पियास्त्री फॉर्म्युला वनमधली आपली पहिली ग्रां प्री जिंकला. बघणाऱ्यांना ते खटकलं, मला नाही खटकलं. क्रम टीमच्या हाताने बदलला होता, टीमनेच तो परत लावला.

२०२५ च्या मोंझाला मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. तिथे दोघांत नॉरिस पुढे होता. टीमने आधी पियास्त्रीला आत घेतलं आणि नॉरिसला शब्द दिला की यामुळे तुझी जागा जाणार नाही. मग नॉरिसच्या थांब्याला एका चाकाने वेळ खाल्ला आणि पियास्त्री पुढे निघाला. पियास्त्रीला जागा सोडायला सांगितलं. थांबा रेंगाळणं हा रेसचाच भाग असल्याचं आपलं आधी ठरलं होतं, असं तो रेडिओवर म्हणाला, आणि तरी त्याने जागा सोडली. माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. चाकाचा नट फिरवणारी गन अडकणं हे नशीब आहे. त्याच्या आधीच्या रविवारी झांडफोर्टला दुसऱ्या नंबरवरच्या नॉरिसची गाडी धूर सोडत बंद पडली आणि पियास्त्री जिंकला. ते गुण नॉरिसला कुणी परत दिले का? देऊच शकत नाही. मग एका रविवारच्या नशिबाची भरपाई करायची आणि दुसऱ्या रविवारच्या नाही, हा हिशेब मला लागत नाही. वर्षाअखेरीला नॉरिस ४२३ गुणांनी चॅम्पियन झाला, मधे ४२१ वर रेड बुलचा व्हर्स्टापेन, आणि पियास्त्री ४१० वर तिसरा. मोंझाचे ते गुण त्याच्याकडे राहिले असते तरी तो चॅम्पियन झाला नसता, हे मान्य. तरी मला ती जागा त्याच्याकडे राहायला हवी होती असंच वाटतं.

माझ्या सिलिंडरमध्येही नशीब होतंच. ओतीवकामात एकाची आतली वाट बरी निघाली, त्यात माझा दोष नव्हता. पण तो कुणाच्या गाडीला लावायचा, हे नशिबाने ठरवलं नाही. मी ठरवलं.

असाच एक घाव २०१६ ला लुईस हॅमिल्टनने सोसला. मर्सिडीजने त्या सीझनच्या सुरुवातीला त्याच्या आणि निको रोझबर्गच्या मेकॅनिकांमध्ये अदलाबदल केली होती. मलेशियात हॅमिल्टन पहिला असताना त्याच्या इंजिनाने आग ओकली आणि वर्षाअखेरीला तो ५ गुणांनी हरला. बरेच लोक कारस्थान म्हणाले. मी अख्खं आयुष्य इंजिनं उघडण्यात घालवलंय. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन इंजिनांपैकी एक दहा वर्षं चालतं आणि दुसरं दहाव्या महिन्यात बेअरिंग खातं. त्याला मन नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती असमानता पार्टच्या यादीत दिसतच नाही. गाडी कुणाच्या हाताला बसवायची, ही ती गोष्ट. मॅक्स व्हर्स्टापेनला पुढची चाकं लगेच चावणारी, म्हणजे वळताना रस्ता झटकन पकडणारी गाडी लागते, मागची बाजू थोडी सुटली तरी तो सांभाळतो. तो जिंकतो, म्हणून त्याचं म्हणणं ऐकलं जातं, म्हणून पुढची गाडी आणखी त्याच्या पद्धतीची होते. त्याच टीमच्या दुसऱ्या गाडीत २०१९ ला पिएर गॅस्ली १२ रेस टिकला, २०२५ ला लियाम लॉसन तर फक्त २. इतकी चांगली पोरं एका हिवाळ्यात गाडी चालवायला विसरत नाहीत. इथे कुणी कुणाला फसवलेलं नसतं. मी रोज भेटणाऱ्या मुलाची भाषा शिकलो आणि एसटीने येणाऱ्याची शिकलो नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. फक्त तिथे त्यावर करोडो रुपये लागलेले असतात.

आणि एक जुनी गोष्ट, कारण ती माझ्या फार जवळची आहे. १९५६ ला मोंझाला फेरारीच्या पीटर कॉलिन्सला स्वतः चॅम्पियन व्हायची संधी होती. त्याच टीमच्या फॅन्जिओची गाडी मोडली होती. तेव्हा रेसच्या मधे गाडी दुसऱ्याला देता यायची. कॉलिन्स पिटमध्ये आला, उतरला आणि आपली गाडी फॅन्जिओला दिली. फॅन्जिओ चॅम्पियन झाला. दोन वर्षांनी कॉलिन्स न्युर्बुर्गरिंगच्या रेसमध्ये अपघातात वारला, एकदाही चॅम्पियन न होता. २००२ ला ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलोने शेवटच्या वळणानंतर टीमच्या हुकमाने शूमाखरला पुढे सोडलं, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा करून निषेध केला. दोन्ही वेळा टीम फेरारीच, दोन्ही वेळा एकाने दुसऱ्यासाठी सोडलं. पण कॉलिन्सने स्वतः सोडलं होतं.

आता तुमची गाडी. तुमच्याकडे तर एकच आहे, म्हणजे सगळंच वेबरच्या पंखासारखं. कोइम्बतूरच्या तुमच्या स्पर्धेत एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची रेस, २२ किलोमीटरची, मधे ड्रायव्हर बदलायचा. पहिल्याला थंड टायर मिळतात. दुसऱ्याला तापलेले टायर मिळतात, पण तापलेलं इंजिनही मिळतं, आणि बदलाबदलीनंतर ते पुन्हा सुरू व्हावं लागतं. विद्यार्थ्यांच्या कितीतरी गाड्या तिथेच बसतात. तसं झालं तर तुझा दुसरा ड्रायव्हर वर्षभर घाम गाळून एक मीटरही चालवणार नाही. हे समान करायचा कुठलाही मार्ग नाही, तेव्हा तो शोधू नकोस. कोण दुसरं चालवणार आणि का, हे दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत सांग, आणि आत्ताच सांग. "तुझं क्लचवरचं काम हळुवार आहे, गरम इंजिन तू सांभाळशील" असं कारण माणूस ऐकून घेतो. ट्रॅकवर पोचल्यावर सांगितलं तर तेच कारण त्याला बहाणा वाटतो. मी शनिवारी रात्री कोल्हापूरच्या मुलाला बाजूला घेऊन म्हणायला हवं होतं, "एक सिलिंडर बरा निघालाय. चिठ्ठी टाकू या." एवढंच.

सरावाची वही ठेवत असशील तर त्यात वेळेबरोबर तास आणि ऊनही लिही. पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी सातचं डांबर आणि दुपारी बाराचं डांबर हे दोन वेगळे ट्रॅक आहेत. एकीने रोज सकाळी चालवलं आणि एकाने लेक्चर संपवून दुपारी, तर त्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडणंच चूक. फेऱ्या झाल्यावर कुणाला आधी बोलायला देतेस ते तपास. आळीपाळीने दे. दुसऱ्या वर्षाचा मुलगा शेवटच्या वर्षाच्या मुलीसमोर गाडीबद्दल वेगळं काही बोलत नसेल, तर त्याच्याकडून एकट्यात ऐकून घे आणि तिलाही ते सांग. त्याने "मागून सुटते" म्हटलं तर म्हणजे नक्की काय, हे ब्रेक मारताना की गॅस देताना, इतकं खोलात विचार. तिची भाषा तुला आधीच येत असणार, तीन वर्षं बरोबर आहात.

आणि सीट. दोघांची उंची सारखी असणार नाही. एकाच्या मापाचा फोम ठेवून दुसऱ्याला पाठीमागे उशी देणं हा माझ्या दृष्टीने तुमच्या टीममधला सगळ्यात मोठा अन्याय ठरेल, कारण तो प्रत्येक वळणाला अंगाला लागतो. दोन वेगळे फोम ओतून घ्या. ड्रायव्हर बदलायला तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात फोम बदलून पेडलही सरकवता येतात, सवय हवी. पेडलच्या पट्टीवर तिच्या खाचेला एक रंग आणि त्याच्या खाचेला दुसरा रंग लावा, म्हणजे त्या गडबडीत खाचा मोजत बसावं लागणार नाही.