एचबीए१सी (रक्तातली तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलंय. भात-पोळी बंदच करावी का?

बंद नको, मोजून खा. ५.७ ते ६.४ म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या वेशीवर आहात, गावात शिरलेला नाहीत. माझाही ६.२ होता. पहिली कुऱ्हाड चहावर: ऑफिसात पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीसेक ग्रॅम नुसती चहातून! अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, वाटीभर उसळ, चारच्या जागी दोन पोळ्या. भाकरीने साखर वाढतच नाही हे खोटं, तीही मोजूनच. जेवून लगेच आडवं होऊ नका (एक ते चार, पुणेकराला जड जातं), पंधरा मिनिटं चाला. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरभर चालणं हवं; तळजाई टेकडी आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. वजन जास्त असेल तर ५-७ टक्के उतरवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, गोळीचं डॉक्टर ठरवतील.